हस्ताचा आठवडा: भात पिकलंय, पाऊस अजून गेलेला नाही

हस्त नक्षत्र लागलं की गोव्यातल्या शेतकऱ्याचं आकाशाकडे बघणं बदलतं. जूनमध्ये पाऊस येतो कधी ते बघायचं, आता जातो कधी ते. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला मागे फिरतो, पण आपल्याकडून निघेपर्यंत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. म्हणजे येते सात-आठ दिवस पाहुणा अजून ओसरीवरच आहे. फक्त त्याची वेळ बदललीय.

नैर्ऋत्येचा वारा मंदावला की सकाळी लख्ख ऊन पडतं, अकरापर्यंत अंग चिकचिकतं आणि दोन-तीनच्या सुमाराला सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे डोंगर उभे राहतात. तेच ढग संध्याकाळी गडगडत सत्तरी, धारबांदोडा, सांगेवर उतरतात. वाळपईत तासाभरात पन्हाळी वाहतात आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर धूळही बसत नाही, असं या दिवसांत सर्रास होतं. म्हणून ‘गोव्यात पावसाची शक्यता’ एवढ्यावर कामं ठरवू नका. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, तो बघा. ‘जोरदार पाऊस’ हा शब्द हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वरचा असतो, हेही लक्षात ठेवा. एक अपवाद मात्र आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागला, तर सकाळ-संध्याकाळचा हा हिशेब मोडतो आणि दोन-तीन दिवस झड लागते. तशी सूचना आली तर विळा खाली ठेवायचा.

एरवी या आठवड्याचा नियम एकच: सकाळ आपली, दुपार ढगांची. कापणी, फवारणी, वाळवणं, सगळं दुपारच्या आत.

जूनच्या सुरुवातीला पेरलेली ज्योती जातीचं भात आता कापणीला आलंय. जया जातीचं मागाहून येईल. लोंबीतले शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले की कापायला घ्या, बुडातले चार हिरवे दाणे पिकायची वाट बघू नका. त्या चार दाण्यांसाठी थांबलेलं शेत एका वादळी सरीत आडवं झालेलं मी बघितलंय, आणि आडव्या भाताला ओल्या जमिनीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब फुटतात. लोळलेलं भात चार-पाच चूड (भाताचे ठोंब) एकत्र बांधून उभं करता आलं तर तेवढं वाचतं. कापणीआधी आठ-दहा दिवस शेतातलं पाणी काढून टाका, नाहीतर कापणी यंत्र चिखलात रुततं आणि भाड्याचे तास त्याला बाहेर काढण्यातच जातात.

हाताने कापणार असाल तर त्या दिवशी झोडून घरात नेता येईल तेवढंच कापा. अख्खा मळा एका दिवसात आडवा करून पेंढ्या शेतात पसरून ठेवायची जुनी सवय घाटावरच्या कोरड्या हवेत चालते, इथे नाही. कापताना दाण्यात वीस-बावीस टक्के ओल असते, साठवणीला ती बारा-तेरावर यायला हवी. ताडपत्रीवर पातळ पसरा, तासातासाला पाय फिरवा, तीन वाजायच्या आत गोळा करा. ओलं भात पोत्यात बांधून रात्रभर ठेवलंत तर सकाळी पोतं गरम लागेल, आणि ते भात उकड्या तांदळालाही धड राहत नाही.

दाणे अजून दुधात असतील तर सकाळी चूड बाजूला करून बुडाशी बघा. तपकिरी तुडतुडे तिथेच बसतात. वरून हिरवं दिसणारं शेत मध्येच गोल करपायला लागलं की उशीर झालेला असतो. लोंबीवरल्या ढेकणाचा उग्र वास तर बांधावरूनच येतो. फवारणी करावीच लागली तर विभागीय कृषी कार्यालयात विचारून करा आणि कापणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर वाचा.

खाजन शेती, म्हणजे नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेली शेतं, असलेल्यांना या आठवड्यात पावसापेक्षा नदीची काळजी जास्त. पाऊस जोरात असतो तोवर मांडवी-जुवारीचं पाणी गोडं असतं. सरी कमी झाल्या की भरतीबरोबर खारं पाणी वर सरकू लागतं. कोरगूट जातीचं भात खारेपणा सोसतं, पण सोसण्यालाही मर्यादा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावर एक फेरी मारा, खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवा आणि मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची) दारं नीट मिटतात का ते ओहोटीलाच बघून घ्या. कचरा अडकून फळी बोटभर उघडी राहिली तरी रात्रीत मळा खारा होतो. बांध कोणाचा, खर्च कोणाचा, हा वाद नंतर घाला.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सावली आणि दमटपणा असतो, म्हणून सुपारी कुजवणारा कोळेरोग पावसाबरोबर जात नाही. आधीच्या फवारणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले असतील आणि सरी चालूच असतील, तर उघडीप बघून एक टक्का बोर्डो मिश्रण पुन्हा मारा: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, दोन्ही पन्नास-पन्नास लिटर पाण्यात वेगवेगळे, प्लास्टिकच्या पिंपात. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं. मग विळ्याचं चकचकीत पातं त्यात मिनिटभर धरा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी संपवा. गळलेल्या सुपाऱ्या पोफळीखाली सडू देऊ नका, गोळा करून जाळा. मिरीच्या वेलाच्या बुडाशी पाणी साचत असेल तर चर मोकळा करा.

माडाला खताचा हप्ता राहिला असेल तर जमिनीत ओल आहे तोवर घाला, पण जोरदार पावसाची सूचना असेल त्या दिवशी नको. काजूला सध्या झाडाखालची सफाई पुरे.

मिरची-वांग्याची रोपं टाकायची घाई असते सगळ्यांना. टाका, पण गादीवाफा वीतभर उंच हवा, आणि दुपारच्या सरीचा मार चुकवायला वर ताडपत्रीचा आडोसा. नाहीतर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

घाटावर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. ते त्यांच्या रब्बीसाठी खरं. स्वाती लागेपर्यंत आपलं भात कोठीत गेलेलं बरं.

विजेचं मात्र चेष्टेवारी नेऊ नका. दुपारी ढग गडगडू लागला की उघड्या मळ्यातून निघा, माडाखाली थांबू नका, गुरं झाडाला बांधून ठेवू नका. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. घरातल्या पोरांना सांगून फोनवर घालून घ्या. पायाला जखम असताना चिखलात उतरावं लागलं आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका धरून आरोग्य केंद्रात जा, घरात काढा पीत बसू नका.

आणि यंत्रवाल्याला आजच फोन करा. ऊन पडलं की सगळ्या गावाला तो एकाच दिवशी हवा असतो.