थायरॉइडवाल्या बोक्याची गोळी

म्हातारं मांजर वाटी चाटूनपुसून साफ करतं, पुन्हा ओरडत येतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. आमच्या १२ वर्षांच्या बोक्याचं असंच होतं. रक्ततपासणीत टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं निघालं.

यावरचं औषध, मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल, रोग बरा करत नाही, ताब्यात ठेवतं. म्हणून गोळीची वेळ चुकवू नका. दुधात चुरून मिसळण्याचा उद्योग मुळीच नको: कडवट चव लागते, बोका वाटीच टाकतो आणि पोटात किती गेलं ते कळत नाही. उकडलेल्या माशाच्या छोट्या गोळ्यात अख्खी गोळी दडवा. आधी एक रिकामा गोळा, मग औषधाचा, लगेच तिसरा समोर धरा. तिसऱ्याच्या लोभात दुसरा गिळला जातो. (आमचा चौथाही मागतो.) घरात कुणी गरोदर असेल तर तिने औषधाच्या गोळ्यांना उघड्या हाताने शिवू नये.

दर रविवारी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे. फरक वहीत लिहा. उलट्या, खाणं बंद किंवा तोंड खाजवून रक्त काढणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फेरतपासणीत मूत्रपिंडाचीही चाचणी सांगा, कारण वाढलेला थायरॉइड मूत्रपिंडाचा बिघाड झाकून ठेवतो.