गड उतरून आल्यावर मांड्या भरून आल्या, तर काय करावं?

कळसूबाई, म्हणजे 1646 मीटरचं शिखर, चढून रविवारी संध्याकाळी बारी गावात उतरलो तेव्हा पाय नुसते दमले होते. सोमवारी सकाळी मात्र जिना उतरताना कठडा घट्ट धरून एकेक पायरी आडव्या पायाने उतरावी लागली. चढताना त्रास नाही, उतरताना कळ. दुखण्याचं कारण याच फरकात आहे.

1. आधी दुखणं ओळखा

चालता चालता पोटरीत अचानक गोळा आला, तर तो पेटका. पाय ताणून धरला की बहुधा सुटतो. ‘टच’कन काहीतरी तुटल्यासारखं वाटून एकाच जागी कळ गेली, तर स्नायू फाटला असू शकतो, तिथे चोळू नका. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील, दाबल्यावर जास्त दुखत असतील, तर ते नेहमीचं अंग आंबणं. ते 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं.

2. आत काय झालंय ते समजून घ्या

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकसून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेक लावतो, म्हणजे भार पेलत असतानाच लांबत जातो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. मग डागडुजीसाठी पेशी जमतात, थोडी सूज येते आणि तिथे तयार होणारी रसायनं मज्जातंतूंची टोकं हळवी करतात. एरवी जाणवलाही नसता असा दाब मग दुखतो. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं.

‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं अजूनही सर्रास सांगतात. ते सोडून द्या. श्रमाने वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, थांबल्यावर तास-दीड तासात ओसरतं. मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. तंतूंना इजा होत असावी, हे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं.

3. दोन-तीन दिवस हे करा

अंथरुणात पडून राहू नका. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाला. शेक बरा वाटतो, हलक्या हाताने तेलही लावा. रगडून मालिश नको. पाणी आणि पोटभर जेवण हवंच. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना. मूत्रपिंडांवर भार येतो.

4. इथे थांबू नका, डॉक्टरांकडे जा

लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात विरघळत असल्याची ती खूण असू शकते. एकच पोटरी सुजून गरम लागली, तरी थांबू नका. आणि पावसाळ्यात चिखलापाण्यातून चालून आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका असं एकत्र दिसलं, तर ‘अमुक दिवशी पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार असाच सुरू होतो आणि कोकण-गोव्यात तो नवा नाही.

5. पुढच्या ट्रेकआधी उतरण्याचा सराव करा

सगळे चढण्याचा दम कमावतात, उतार कोणी घोटत नाही. लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश खाली या. पहिल्या दिवशी तीन-चार मजले पुरे. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने कमी दुखतो, म्हणून हे ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा.