घरचं ऑक्सिजन मशीन: या चुका टाळा

रात्रीचे पावणेदोन. आईच्या बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातली ऑक्सिजनची पातळी 84 टक्के दाखवत होता. मशीन चालू होतं, हिरवा दिवा लागलेला होता, फ्लो दाखवणारी काचेतली गोळी मिनिटाला 2 लिटरच्या रेघेवर होती आणि ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडेही येत होते. मी घाबरून फ्लो 3 वर नेला, मग 4 वर. आकडा ढिम्म. शेवटी मशीनवाल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "नाकातली नळी काढा आणि पेलाभर पाण्यात तिची टोकं बुडवा." पाण्यात एकही बुडबुडा आला नाही.

संध्याकाळी पाणी बदलताना मी बाटलीचं झाकण घाईत फिरवलं होतं आणि त्याचे आटे तिरके बसले होते. ऑक्सिजन पाण्यातून वर येत होता आणि झाकणाच्या फटीतून खोलीत जात होता. म्हणून गोळी जागेवर, बुडबुडेही दिसत होते आणि आईच्या नाकापर्यंत मात्र काहीच पोचत नव्हतं. झाकण काढून सरळ बसवलं, फ्लो परत 2 वर आणला. काही मिनिटांत आकडा 90 वर आला.

तेव्हापासून काही बिघडलं की मी मशीनकडे शेवटी जाते. सुरुवात नाकापासून. नळीची टोकं नाकपुडीत आहेत ना, त्यांचा बाक आतल्या बाजूला वळलेला आहे ना? मग नळी: ती खाटेच्या पायाखाली किंवा उशीखाली दबली आहे का, मध्ये पाण्याचा थेंब अडकलाय का? मग बाटलीचं झाकण. बुडबुडे अजिबात येत नसतील आणि बाटलीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर बाटलीच्या पुढे नळी कुठेतरी मुडपली आहे असं समजा. पेल्यातल्या पाण्याची परीक्षा दहा सेकंदांची आहे, घरातल्या प्रत्येकाला ती शिकवून ठेवा.

त्या रात्री माझी मोठी चूक झाकणाची नव्हतीच. फ्लो वाढवला, ती होती. आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. पन्नास वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, विडी-सिगारेट कधी शिवली नाही, तरी फुप्फुसं गेली. अशा काही रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो आणि ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर तो आणखी वाढतो. म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टर सहसा 88 ते 92 हीच पातळी ठरवून देतात. पाहुणे येतात, 91 बघतात आणि "अगं, थोडा वाढव ना, 98 पाहिजे" म्हणतात. त्यांची माया कळते, पण ऐकू नका. फ्लो म्हणजे औषधाचा डोस, तो डॉक्टरांनीच बदलायचा. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा ही कार्बन डायऑक्साइड वाढल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी मशीनशी खेळत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. ओठ निळसर पडले किंवा माणूस हाकेला नीट ओ देईना, तर थेट 108.

आकडा वाचण्यातही गफलत होते. बोट गार असेल, नखाला पॉलिश किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटर फसतो. हात चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा आणि आकडा निदान अर्धा मिनिट एका जागी थांबू द्या.

पाण्याबद्दल एकच नियम पाळते: कालच्या पाण्यावर आजचं ओतायचं नाही. रोज बाटली रिकामी करायची, भांड्याच्या साबणाने धुवायची, स्वच्छ खळबळायची. मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरावं, ते संपलं असेल तर उकळून गार केलेलं. नळाच्या पाण्याने तळाशी पांढरा थर बसतो. वरच्या रेघेपलीकडे भरलं की पाणी नळीत चढतं आणि माणूस ठसकतो. फ्लो 1-2 लिटर असेल तर पुष्कळदा बाटलीची गरजच नसते, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

नाक कोरडं पडलं की आपल्याकडे हात आधी तुपाच्या वाटीकडे किंवा खोबरेल तेलाकडे जातो. ऑक्सिजन चालू असताना तूप, तेल, व्हॅसलिन, बाम यातलं काहीही नाकाला लावू नका. ऑक्सिजनच्या झोतात स्निग्ध पदार्थ सहज पेट घेऊ शकतात. पाण्यात विरघळणारं जेल किंवा सलाईनचे थेंब वापरा. देवघराचंही तेच. समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून निदान दहा फूट लांब. आणि मशीन बंद केलं म्हणून लगेच काडी ओढू नका, कपड्यांत आणि गोधडीत ऑक्सिजन काही वेळ तसाच राहतो. आईला सांजवात स्वतः लावायची असते. आता ती लांब बसून हात जोडते आणि वात मी लावते. तिला हे जड गेलं, पण तडजोड नाही.

मशीन ऑक्सिजन तयार करत नाही, गाळतं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. आतले झिओलाइटचे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून साधारण 90 ते 95 टक्के ऑक्सिजन बाहेर येतो. त्यासाठी मशीनला हवा खेचायला मोकळी जागा लागते. भिंतीपासून किमान एक वीत, जमल्यास फूटभर अंतर ठेवा. आवाज होतो म्हणून त्यावर चादर टाकू नका, पडद्यामागे ढकलू नका. स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून मी दोन फिल्टर ठेवलेत. झिओलाइटला ओल सोसत नाही. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेली बरीच मशीनं नंतर कपाटावर पडून राहिली आणि आता स्वस्तात विकली जातात. घेताना मशीन आजवर किती तास चाललंय तो आकडा बघाच, पण किती टक्के ऑक्सिजन येतोय हे अ‍ॅनालायझर लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांनीही ऑक्सिजन कमी असल्याचा पिवळा दिवा विझला नाही, तर फिल्टर बघा आणि मेकॅनिकला बोलवा. आत स्क्रूड्रायव्हर घालू नका.

खांद्याला अडकवून नेण्याच्या, बॅटरीवरच्या छोट्या मशीनबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आकड्याचा. त्यावरचा 2 म्हणजे 2 लिटर नव्हे. ही बहुतेक मशीनं श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता झोत सोडतात. झोपेत श्वास उथळ झाला किंवा माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागला, तर झोत सुटेलच असं नाही. म्हणून ते मशीन लावून चालवून, पातळी बघून डॉक्टरांनी सेटिंग ठरवावं आणि रात्री घरचंच मशीन लावावं. विमानाने जायचं असेल तर जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

बायपॅपला, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनला, ऑक्सिजन जोडलेला असेल तर आधी बायपॅप सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन. मास्कवरची बारीक भोकं उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात, गळती समजून त्यांवर चिकटपट्टी लावू नका.

राहिली लाइट. 5 लिटरचं मशीन साधारण 300 ते 350 वॅट खातं, त्याला भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचाच मागा, म्हणजे घरच्या लाइटसारखाच सुरळीत प्रवाह देणारा. तरीही सिलिंडर हवाच. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे 2 लिटरच्या फ्लोने साडेबारा तास. सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून आट्यांना तेलाचा थेंबही लावू नका. महिन्यातून एकदा सिलिंडर उघडून काट्यावरचा दाब बघा. आमच्याकडे एकदा लाइट गेली तेव्हा सिलिंडर भरलेला होता आणि तो उघडायची चावीच सापडेना. आता ती सुतळीने सिलिंडरच्या गळ्यातच बांधून ठेवली आहे.