सात सीटर हायब्रिड घेताय? खिसा रिकामा करणाऱ्या या चुका टाळा

गेल्या दिवाळीत आम्ही अठरा दिवस गावी होतो. आमची सात सीटर हायब्रिड गाडी पुण्यात कर्वेनगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. परत आलो तर रिमोटने दार उघडेना. रिमोटच्या आतल्या चावीने उघडलं, बटण दाबलं, डॅशबोर्ड काळाच. सासऱ्यांचा चेहरा पडला. "गेली का ती मोठी बॅटरी? लाखांत असेल ना खर्च?" मोठ्या बॅटरीला काहीही झालं नव्हतं. उतरली होती ती साधी, प्रत्येक गाडीत असते तशी बारा व्होल्टची बॅटरी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्पर लावला आणि पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटरही असलेली गाडी. तिच्याबद्दलची बहुतेक भीती अशी चुकीच्या जागी असते. लोक मोठ्या बॅटरीची काळजी करतात आणि पैसे भलतीकडेच जातात. आमच्या गाडीला तीन वर्षं झाली. मला जे उशिरा कळलं, ते तुम्हाला गाडी घेण्याआधी कळावं असं मनापासून वाटतं.

'हायब्रिड' एवढंच ऐकून बुकिंग करणं

पहिली गल्लत इथेच होते. इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुती इन्व्हिक्टो या स्ट्राँग हायब्रिड गाड्या. त्यांना प्लग नसतो. ब्रेक दाबताना आणि इंजिन चालताना त्यांची बॅटरी आपोआप भरते. प्लग-इन हायब्रिड वेगळी. तिची बॅटरी बरीच मोठी, ती घरी चार्ज करायची, रोजचं जाणं-येणं विजेवर आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल. अमेरिकेतली क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड हे त्याचं ठळक उदाहरण: १६ युनिटची बॅटरी आणि एका चार्जमध्ये विजेवर सुमारे ५० किलोमीटर.

आता पुण्याचा हिशोब करा. कर्वेनगर ते हिंजवडी जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे एका चार्जमध्ये बसतं. वीज दहा रुपये युनिट धरली आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी धरून अठरा युनिट लागली, तर किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. फारच छान. पण रात्री प्लग कुठे लावणार? माझा मावसभाऊ मिशिगनला राहतो. त्याच्याकडे अशीच मिनीव्हॅन आहे आणि तो खूश आहे, कारण घराला लागून स्वतःचं गॅरेज आहे. आपल्याकडे स्वतःच्या नावाचं पार्किंग, सोसायटीची परवानगी आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत नीट ओढलेली केबल, या तीन गोष्टी आधी हव्यात. चार्ज न करता वापरली, तर मोठ्या बॅटरीचं वजन पेट्रोलवर वाहून न्यायचं एवढंच उरतं. माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच.

विश्वासार्हतेचा मुद्दाही मोकळेपणाने सांगायला हवा. पॅसिफिका हायब्रिडच्या २०१७ आणि २०१८च्या गाड्या आगीच्या धोक्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये परत बोलावल्या गेल्या. अमेरिकेत अशा सुमारे १६,७०० गाड्या होत्या. दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि घरापासून लांब उभी करा, असं मालकांना सांगितलं गेलं. जुलै २०२४ मध्ये २०१७ ते २०२१च्या काही गाड्यांसाठी पुन्हा तशीच सूचना आली. म्हणून कुठल्याही कंपनीची गाडी असो, चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे गाडी अशी परत बोलावली आहे का, ते तपासायची सवय लावा.

अ‍ॅव्हरेज बघून निर्णय घेणं

हायक्रॉस हायब्रिडचा कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. शहरात, एसी लावून, माणसं भरून तो मिळेल अशी आशा धरू नका. त्यापेक्षा हा हिशोब कागदावर मांडा. समजा साधी पेट्रोल सात सीटर तुम्हाला शहरात १० देते आणि हायब्रिड १६. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरमागे ३ रुपये ९० पैसे वाचतात. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत सहा लाखांचा फरक असेल आणि वर्षाला दहा हजार किलोमीटरच होत असतील, तर तो भरून निघायला पंधरा वर्षं लागतील. पंचवीस हजार होत असतील तर सहा. आमच्या घरी दोन जण रोज कामाला जातात, शिवाय दर महिन्याला कोल्हापूर. म्हणून आम्हाला परवडली. शनिवार-रविवारीच गाडी काढणाऱ्या घराला मी घ्या म्हणणार नाही.

आणखी एक गैरसमज. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीच्या सवलती हायब्रिडला मिळत नाहीत. नंबरप्लेट पांढरीच, रोड टॅक्स पेट्रोल गाडीसारखाच, आणि ऑगस्ट २०२५ पासून द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना असलेली टोलमाफीही नाही. सेल्समन 'ईव्हीसारखीच आहे' म्हणाला, तर कुठल्या बाबतीत ते विचारा.

गाडी चालू 'ठेवणं' आणि चालू 'वाटणं'

बारा व्होल्टच्या बॅटरीकडे परत येते. ही बॅटरी इंजिन फिरवत नाही, ती गाडीचे कॉम्प्युटर जागे करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. गाडी नुसती 'ऑन' करून मुलं गाणी ऐकत बसली तर हमखास उतरते. डॅशबोर्डवर 'रेडी' दिसलं तरच मोठ्या बॅटरीकडून तिला वीज मिळते. आठ-दहा दिवस गाडी निघणार नसेल तर कुणाला तरी चावी देऊन मोकळ्या जागी अर्धा-पाऊण तास 'रेडी'त ठेवायला सांगा. डॅशकॅम चोवीस तास चालू ठेवणारं वायरिंग बाहेरच्या दुकानातून करून घेऊ नका. आमची बॅटरी त्यानेच प्यायली होती.

जाळी

बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी गाडीच्या आतल्या हवेने थंड होते. त्या हवेसाठी सीटजवळ एक जाळी असते, आत फिल्टर. तिच्यासमोर पिशव्या, छत्र्या, चपला कोंबल्या, किंवा धूळ आणि कुत्र्याचे केस साचले, की बॅटरी तापते, ताकद कमी होते आणि वॉर्निंग येते. पुण्यात मेट्रोच्या आणि बांधकामांच्या धुळीत हा फिल्टर अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. सर्व्हिसला देताना जॉबकार्डवर 'हायब्रिड बॅटरी फिल्टर साफ करणे' असं लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगितल्यावर एका सर्व्हिस सेंटरने आमचा फिल्टर उघडलाही नव्हता. मला अजून त्याचा राग आहे.

घाट उतरताना घाबरणं

ताम्हिणी उतरताना मध्येच इंजिन एकदम ओरडायला लागतं. बिघाड नाही तो. उतारावर बॅटरी पूर्ण भरली की जास्तीची वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी इंजिन फिरवून वेग रोखते. लांब उतारावर, तुमच्या गाडीत असेल तर, गिअर 'बी'वर (इंजिनाने वेग रोखायची जागा) टाका, ब्रेक कमी तापतील.

पाणी शिरल्यावर बटण दाबणं

२५ जुलै २०२४ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. पाण्यात उभी राहिलेली हायब्रिड सुरू करून बघायची नाही. नारिंगी केबलना हात लावायचा नाही आणि नेहमीच्या गॅरेजवाल्यालाही लावू द्यायचा नाही, कारण त्यांत शेकडो व्होल्ट असतात. पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेली, तर मोटर फिरून नुकसान होतं. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. बुडालेली गाडी सुरू केल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं जादा कव्हर लागतं, आणि त्यात हायब्रिडची बॅटरी व मोटर धरली आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या. ही लेखी खात्री आम्ही मेमध्येच करून घेतो, पॉलिसीची तारीख ऑक्टोबरची असली तरी.