लेसर मापनाने भूपट्टाचा वेग कसा काढावा

भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. ही हालचाल हजारो किलोमीटर दूरच्या उपग्रहाच्या आधाराने मोजायची असल्यामुळे त्या उपग्रहाची कक्षा अतिशय स्थिर असावी लागते, म्हणून लॅजिऑस-१ (१९७६) आणि लॅजिऑस-२ (१९९२) यांची निरीक्षणे घ्यावीत. ४२६ परावर्तक बसवलेले, ६० सेंटिमीटर व्यासाचे आणि ४०० किलोंहून जड असे हे गोळे सुमारे ५,९०० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यामुळे हवेचा अडथळा त्यांना फारसा जाणवत नाही.

जमिनीवरच्या लेसर मापन केंद्रावर, उपग्रहाकडे सोडलेला लेसरचा स्पंद जाऊन परत येण्याचा काळ मोजला जातो. अंतरातला एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम ६.७ पिकोसेकंद, तेव्हा उपकरणांतील विलंब वजा करण्यासाठी ज्ञात अंतरावरच्या स्थिर लक्ष्यावर वारंवार अंशांकन करावे. हवेमुळे स्पंदाला होणारा विलंब वायुदाबावरून काढतात, पण वायुदाबमापकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि ते महागात पडते: दाबात एका हेक्टोपास्कलची चूक झाली तर थेट डोक्यावरच्या उपग्रहाच्या अंतरात दोन मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो, आणि उपग्रह क्षितिजापासून २० अंशांवर असेल तर तो जवळजवळ तिप्पट होतो.

स्वतःचे केंद्र नसल्यास आंतरराष्ट्रीय लेसर मापन सेवेची निरीक्षणे विनामूल्य मिळतात. प्रकाश गोळ्याच्या पृष्ठभागाजवळून परततो, त्यामुळे गोळ्याच्या वस्तुमानकेंद्रापर्यंतचे सुमारे २५ सेंटिमीटर मोजलेल्या अंतरात मिळवावेत. घन पृथ्वीच्या भरती-ओहोटीने मापन केंद्र काही डेसिमीटर वरखाली होते, तीही दुरुस्ती करावी. मग सात-सात दिवसांच्या निरीक्षणांतून कक्षा, केंद्रांचे स्थान आणि पृथ्वीच्या परिवलनाची परिमाणे एकत्रच काढावीत, आणि प्रत्येक उत्तर आयटीआरएफ-२०२० या आंतरराष्ट्रीय निर्देश चौकटीशी जुळवून घ्यावे.

अशा साप्ताहिक स्थानांच्या मालिकेतून सरळ रेषा काढण्याची घाई करू नये. वार्षिक चढउतार वेगात मिसळू नये यासाठी निदान अडीच वर्षांची, खरे तर त्याहून बरीच लांब मालिका हवी. भूकंपाने आलेली उडी समीकरणात स्वतंत्र पद म्हणून धरावी. जून २००१च्या पेरूमधील भूकंपाने आरेकिपाचे केंद्र सुमारे अर्धा मीटर सरकले होते, आणि ती उडी न वगळता काढलेला वेग निरर्थक ठरला असता.

भूपट्ट पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या एका अक्षाभोवती फिरतो. या फिरण्याची तीन परिमाणे असतात आणि प्रत्येक केंद्र क्षितिजसमांतर वेगाचे दोन घटक देते, त्यामुळे किमान दोन केंद्रे लागतात, पण पडताळणीसाठी अधिक घ्यावीत. ती भूपट्टाच्या अंतर्भागातली असावीत, जसे वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकणारे ऑस्ट्रेलियातील यारागाडी. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास विभंगाजवळचे मॉन्युमेंट पीकसारखे केंद्र भूपट्टाच्या सीमेवरील विरूपण दाखवते, म्हणून ते या गणनेत न धरता तिच्याशी ताडून पाहावे.