ऑम्निबस घ्यायचे आणि सांगलीत टिकवायचे

ऑम्निबस म्हणजे कॉमिक्सचे बरेच अंक एकत्र बांधलेला जाडजूड खंड. त्याची खरेदी मुखपृष्ठ बघून नाही, आतले अंक बघून करायची. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या ऑम्निबसमध्ये ‘अमेझिंग फँटसी’चा १५वा अंक (१९६२) आणि मूळ मालिकेचे १ ते ३८ अंक आहेत; दुसरा ३९ पासून ६७ पर्यंत जातो. एकाच खंडाला दोन-तीन मुखपृष्ठं असतात. त्यातलं डीएम (डायरेक्ट मार्केट) म्हणतात ते फक्त कॉमिक्सच्या दुकानांसाठी काढलेलं. आतला माल तोच, पण चित्र वेगळं दिसलं की हमखास दुसऱ्यांदा पैसे जातात. ओळीनंच घ्यायचा हट्ट नको. छपाई संपली की पुढची कधी निघेल याचा नेम नसतो आणि भाव चढतो, म्हणून छापील किमतीत मिळतोय तो खंड आधी उचलावा.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. तीन-साडेतीन किलोचा ठोकळा तो, कोपरे चेपतातच. मग पानं चाळून अंकांची मुखपृष्ठं क्रमानं येतायत का बघा. एखादा फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) उलटा शिवलेला किंवा गायब असू शकतो.

नवा खंड एकदम मधोमध उघडला तर कण्यावर कायमची घडी पडते. कणा टेबलावर टेकवून पानांचा गठ्ठा उभा धरा, दोन्ही पुठ्ठे बाजूला पाडा. मग पुढून वीसेक पानं, मागून वीसेक, असं हलक्या हातानं दाबत मध्यापर्यंत या.

उभा ठेवल्यावर पुठ्ठे फळीवर टेकतात, पण पानांचा गठ्ठा अधांतरी लोंबतो आणि वर्षभरात वरच्या बाजूनं कण्यापासून सुटायला लागतो. त्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीत गठ्ठ्याच्या रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. फुकटचा उपाय, तरी करत कुणी नाही! फळी १८ मिलिमीटर प्लायची, आधाराशिवाय अडीच फुटांपेक्षा लांब नको. बारा खंड म्हणजे चाळीस किलो.

कपाट पावसाकडच्या भिंतीला लावू नका. ओल धरली की गुळगुळीत पानं लाटांसारखी होतात, एकमेकांना चिकटतात, आणि ओढून सोडवली तर शाई निघून येते. सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुडी गुलाबी झाली की बदला.

गावभाग, सांगलीवाडीसारख्या सखल भागात तळमजला असेल तर खालचे कप्पे रिकामेच बरे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी ४० फुटांना लागलं की खंड वर हलवायचे, एका क्रेटमध्ये चारच, आडवे. पाचवा घातला तर जिन्यावर क्रेट उचलत नाही.