‘कायी माती’ला फुली नको : मुलांसाठी ॲप बनवणाऱ्यांना

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात चौथीला शिकवते. वर्गातली निम्मी पोरं कोलाम आदिवासी, पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. गेल्या वर्षी शाळेत एक ॲप आलं. मूल मोठ्यानं वाचतं, एआय ऐकून गुण देतं. एका पोरीनं ‘काळी माती’ घडाघडा वाचलं, आमच्याकडं म्हणतात तसं, ‘कायी माती’. लाल फुली. तीनदा. ती म्हणाली, “मॅडम, मले येते वाचता. या मोबाईललेच आयकू येत नाही.”

तेव्हा आधी आवाजाचं बघा. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. पोरीनं अक्षर ओळखलंय, उच्चार घरचा आहे. नमुने पुण्या-मुंबईच्या मुलांचेच घेतले, तर यंत्राला हे कळणार कसं? इथल्या मुलांचं वाचन इथल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. निकाल वेगवेगळा काढा : वऱ्हाडी घरची मुलं, कोलामी घरची मुलं. सरासरीत आमची पोरं बुडतात. यंत्राला खात्री नसेल तिथं फुली न देता ‘बाईंना ऐकव’ असं येऊ द्या. आणि शिक्षकाला गुण बदलता आलेच पाहिजेत. आमच्या ॲपात ती सोयच नव्हती. गुण थेट अहवालात गेले आणि पोरगी ‘मागे’ पडली. मला अजून राग येतो.

मग संमती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. इथं मायबाप कापूस वेचायला, ओटीपी काकाच्या फोनवर. काकानं आकडे सांगितले की झाली संमती! त्यापेक्षा एक मिनिटाचं बोलणं कोलामीत आणि वऱ्हाडीत रेकॉर्ड करा : आवाज कुठं जातो, किती दिवस राहतो, ‘नको’ म्हटलं तर काय. ते संध्याकाळी पोडावर ऐकवा. फोनवरच तपासून पुसता येत असेल तर आवाज साठवूच नका.

मुलांनाही विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम १२ हेच सांगतं, आणि भारतानं ती १९९२ साली स्वीकारली. मी वर्गात विचारलं, फुलीऐवजी काय पाहिजे? “‘पुन्हा म्हण’ म्हणावं, पण आजीच्या आवाजात.”

तपासायला दिवाळीनंतर येऊ नका, वेचणीत निम्मा वर्ग रिकामा असतो. जुलैत या. गाडी पोडापर्यंत येणार नाही, चिखलातले बूट आणा.